रोह्यात लॅपटॉप उघडते ती मी

लोकांना किस्से आठवावे लागतात. मला विसरावे लागतात! आमचं रोह्यात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक डोकं तापवतं, आणि ते निवतंय तोवर दुसरं पायरी चढतं.

आधी एक सरळ सांगते. दुकान मूळचं रफिकभाईंचं. मी तिथं काउंटरवर बसायचे. माझं शिक्षण चौथी. पण माझा हात हलका म्हणून रफिकभाईंनी मला स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं, आणि कुवेतला जाताना दुकानच माझ्यावर सोपवलं. सध्या सगळ्यात जास्त काम येतं ते जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायचं. जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते, म्हणून लॅपटॉप रांगतो. एसएसडीत काही फिरत नाही, म्हणून पळतो. एवढंच!

हे काम मी करते. आमच्या ह्यांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली, ते काउंटरवर बसून बिलं फाडतात. पण गिऱ्हाइकाला ते पटेल तर शपथ! बाई लॅपटॉप उघडणार म्हटलं की लोक लॅपटॉप छातीशी धरतात.

* * *

जवळच्या वरसे गावात राहणारे एक कंपनीतले साहेब आले. "मिस्त्री कुठायत?"

"मीच."

"तसं नाही, लॅपटॉप उघडणारे?"

"मीच उघडते."

साहेब हसले आणि लॅपटॉप ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो निमूट पडद्यामागं माझ्याकडं सरकवला. मग साहेब ह्यांना अर्धा तास स्पीड समजावत होते, आणि हे मान डोलवत होते, "व्हय व्हय, बरोबर हाय!"

मी डिस्क बदलून लॅपटॉप बाहेर आणला. दहा-बारा सेकंदांत चालू! साहेबांनी उठून ह्यांचा हात हातात घेतला. "मानलं तुमच्या हाताला!"

ह्यांनी काय म्हणावं? "सवयीनं होतं."

त्या दिवशी जेवताना ह्यांच्या ताटात बांगड्याचं डोकं तेवढं वाढलं.

* * *

खांब गावचे एक नाना आहेत, भातशेतीवाले. मुलीचा लॅपटॉप घेऊन आले. एसएसडी टाकून दिली, मुलीचे फोटो, अभ्यास, सगळं नव्या डिस्कवर घेतलं. नाना गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. रागानं लाल!

"बाई, आतलं काय काढून घेतलंत?"

"काय काढणार?"

"वजन कमी भरतंय!"

मला कळेचना. मग उलगडा झाला. भात गिरणीवर टाकताना माणूस वजन करून टाकतो, गिरणीवाल्यानं मारू नये म्हणून. नानांनी लॅपटॉपही तसाच मोजून आणला होता! आमच्या समोरच्या भाजीवाल्या मावशीच्या काट्यावर. जाताना परत मोजला, तर भरला कमी.

"नाना, नवी डिस्क हलकी असते."

"हलकी म्हंजे डुप्लिकेट!"

शेवटी मी उठले, जुनी डिस्क घेतली आणि नानांना ओढत मावशीकडं नेलं. नवी काढून जुनी परत आत बसवायची म्हटलं तर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. म्हणून नुसती जुनी डिस्क लॅपटॉपवर ठेवली. आता वजन उलट जास्त भरलं.

नाना काट्याकडं बघत राहिले. मग डिस्क खिशात घालून म्हणाले, "वरचं ऱ्हाऊ द्या आमच्याकडंच. आम्ही कुणाला काय बोलणार नाय!"

* * *

एक इंजिनिअर झालेला मुलगा आला. लॅपटॉप घरीच उघडलेला, स्क्रू पोह्याच्या बशीत.

"व्हिडिओ बघून मीच एसएसडी टाकली. चालू होत नाही. पीस खराब आहे. तुमचं शिक्षण काय, ताई?"

"चौथी."

"मी बी.ई. आहे."

"बरं झालं, दोघांचं मिळून वीस वर्षं झालं. जुन्या डिस्कमधलं नव्यात कॉपी केलंस?"

तो बशीतले स्क्रू चाळवायला लागला.

"अरे, नवीन घर घेतलंस, आत एक भांडं नेलं नाहीस, आणि आता ओरडतोयस चहा कुठाय म्हणून!"

त्यानं बशी माझ्याकडं सरकवली. वर म्हणतो कसा, "काकांना दाखवून घ्या एकदा!"

* * *

एका पतसंस्थेतले कारकून तर तक्रार घेऊन आले. "वहिनी, जुनीच डिस्क परत बसवा."

"का? स्लो चालतोय?"

"अहो, फास्ट चालतोय! पूर्वी सकाळी बटण दाबून मी चहाला जायचो. परत येईस्तोवर तो उघडायचा. आता बटण दाबलं की तोंडासमोर काम! साहेब बघतात ना."

"मग मी काय करू?"

"काउंटरवरच्या भाऊंनी बसवली असती तर इतकी जोरात पळाली नसती."

बघा! चांगलं झालं की ह्यांचा हात, आणि जास्त चांगलं झालं की माझी चूक!

* * *

परके असे, तर घरचे कसे असतील? माझं माहेर पेणजवळ हमरापूर. गणपतीचा कारखाना. बायकांनी मूर्ती घासायच्या, पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायचा. डोळ्यांची आखणी मात्र पुरुषांनीच करायची, हा आमच्या आबांचा नियम. मी लग्न होईपर्यंत घासतच राहिले.

आता कारखाना भाऊ बघतो. सगळ्या ऑर्डरी, कुणाला कुठला रंग, कुठला फेटा, सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये. ऐन सीझनमध्ये डिस्क टकटक वाजायला लागली. ती मेली असती तर वर्ष गेलं असतं. पेणमध्ये दोघा दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले, तेव्हा हा रोह्याला आला.

"भावोजी कुठायत?"

"बाजारात. दे इकडं."

"थांबतो मी."

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन समोर, आणि हा लॅपटॉप मांडीवर घेऊन दीड तास बसला! हे मासळी घेऊन आले तसा उठला. "भावोजी, तुम्हीच बघा."

"मी?" हे म्हणाले. "अरे, मी आजवर एक स्क्रू फिरवला नाय. मी नुसतं कौतुक घेतो!"

भावाचं तोंड उतरलं. मी लॅपटॉप हिसकावलाच. आत प्लास्टरची धूळ ही एवढी! ब्रशनं साफ केली, डिस्क अलगद काढली, कॉपीला लावली. पाच तास. भाऊ हलला नाही, जेवला नाही. तीन वाजता नवी डिस्क बसवली. सगळ्या ऑर्डरी जिथल्या तिथं. भावानं दोनदा तपासल्या, लॅपटॉप पिशवीत घातला आणि एक शब्द न बोलता एसटी पकडली.

मी ह्यांना म्हटलं, "बघितलात? मेल्यानं 'येतो' पण म्हटलं नाय!"

चतुर्थीच्या चार दिवस आधी भाऊ टेम्पोतून आमच्या घरचा गणपती घेऊन आला. दरवर्षी तोच आणतो. चौरंगावर ठेवला, तोंडावरचा रुमाल काढला. सगळं रंगकाम झालेलं. डोळे कोरे.

"हे काय रे? विसरलास?"

त्यानं खिशातून बारीक ब्रश काढला. ह्यांनी सवयीनं हात पुढं केला.

"भावोजी," तो ब्रश माझ्यापुढं धरत म्हणाला, "तुम्ही मागं सरा."