मीटरची चकती थांबलेली होती

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण स्वतः कधी काही लिहिलं नाही. एक तर माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे मराठी लिहायची सवय कमी. दुसरं म्हणजे, इथले बहुतेक अनुभव वाचताना मी मनातल्या मनात त्यांची कारणं शोधत असते. झाडाखाली बाई दिसली... धुकं असेल. दारावर थाप पडली... वारा असेल. विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या घरात मी वाढले. आमच्याकडे पंखा आपोआप फिरला तर आधी स्विच बघतात, मग वायर, मग रेग्युलेटर. भुताखेताची पाळी कधी येतच नाही.

तरीही हे लिहिते आहे, कारण या एका गोष्टीचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आमचं दुकान हिंगणघाटला, भर बाजारात. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, दोघांचं मिळून. पुढे दुकान, मागे घर. गोष्ट दोन हजार तीन-चारची. मी बी.एस्सी.ला होते आणि वर्ध्याला एसटीने जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. त्या वर्षी बाबांनी नागपूरहून एक प्रोजेक्शन टीव्ही आणला. आताचे टीव्ही भिंतीला टांगतात. तो मात्र जमिनीवर उभा राहायचा, कपाटासारखा. मेटॅडोरमधून उतरवायला पाच-सहा माणसं लागली. मोठ्या बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हा टीव्ही आहे का गोदरेजचं कपाट? यात साड्याबी ठेवता येतीन का?"

एवढा मोठा पडदा गावात कोणी पाहिला नव्हता. दसऱ्याला गिऱ्हाईक खेचायचं म्हणून बाबांनी ठरवलं, की टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा आणि त्यावर कार रेसची स्पर्धा ठेवायची. कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर आणणारं टीव्ही-आउटचं कार्ड मीच बसवलं. गेमही मीच टाकला. त्यात दोघांना एकदम खेळता यायचं, पडदा मधोमध विभागून, एकाची गाडी वर, दुसऱ्याची खाली. साध्या मॉनिटरवर त्या दोन अर्ध्या चित्रांत काही दिसत नसे. इथे मात्र प्रत्येक अर्धा भागच एका टीव्हीपेक्षा मोठा होता. पहिल्यांदा तो सुरू केला तेव्हा रस्ता अंगावर आल्यासारखा वाटला आणि मी खुर्चीत मागे सरकले. मग मला सवय लागली. दुकान बंद असे त्या दुपारी मी एकटीच खेळत बसायचे.

माझी एक इच्छा होती, ती मी फक्त बाबांना सांगितली होती. दुकानात एक टेबल हवं होतं, कॉम्प्युटरचं. जोडणी, दुरुस्ती, गेमच्या सीडी, शाळेतल्या मुलांना शिकवणं... सगळं मला येत होतं. नवमीच्या दिवशी बाबांनी धीर करून तो विषय मोठ्या बाबांसमोर काढला. तेव्हा आमच्याकडे हत्यारांची पूजा चालली होती. आमच्या दुकानाची रीत अशी, की नवमीला सगळी हत्यारं धुऊनपुसून देवासमोर मांडायची... सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, पक्कड, टेस्टर. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. विकायचा माल हत्यारांत मोडत नाही, त्यामुळे विक्री चालू राहते. त्या वर्षी बाबांनी दुकानाचा इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटरचा यूपीएससुद्धा पूजेत मांडला. दोघांच्या वायरी सोडवल्या आणि बॅटरीवर हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, उद्या स्पर्धा आहे, लाईट गेली तर? बाबा म्हणाले, सणाच्या दिवशी लोडशेडिंग नसतं.

मोठ्या बाबांनी टेबलाचं ऐकून घेतलं. आधी झेंडूचं फूल मल्टिमीटरवर नीट ठेवलं, मग म्हणाले, "पोरीनं दुकानात बसाचं, याले माझी ना नाई. पण हे पोरगी बोलते का कोनाशी? पाव्हणे आले त पाण्याचा गिलास ठेवून पळते. गिऱ्हाइकाशी काय बोलन हे?"

मी मान खाली घालून त्यांचंच म्हणणं खरं ठरवत होते.

"उद्या लोकाइसमोर खेळ," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "शेवटी जो उरन, त्याच्यासंगं. जिंकली त टेबल तुयं. हारली त या गोष्टीचं नाव नाई काढाचं. कबूल?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग न बाई."

"कबूल," मी म्हणाले.

दसऱ्याच्या दुपारी दुकान भरून गेलं. प्रोजेक्शनच्या टीव्हीला उजेड चालत नाही, चित्र फिकं दिसतं. म्हणून अर्धं शटर ओढलं होतं, त्यावर चादर टाकली होती आणि ट्यूबलाइट बंद ठेवल्या होत्या. छताला टांगलेले विक्रीचे पंखे मात्र सगळे सुरू होते, नाहीतर त्या गर्दीत जीव गुदमरला असता. शेजारच्या ज्यूसवाल्याचा मिक्सर भिंतीपलीकडून सारखा घरघरत होता.

सगळ्यांना हरवून शेवटी पंकज उरला. ओळखीच्या कापूस-जिनिंगवाल्यांचा मुलगा, पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत आला होता. चांगला खेळायचा, हे मी त्याच्या बोटांवरून ओळखलं होतं. मोठ्या बाबांनी माझं नाव पुकारलं तेव्हा तो हसला.

"काका, राखी नाई, दसरा आहे आज! बहिणीले कसं हरवू मी?"

लोक हसले. मी खुर्चीपाशी गेले. खुर्च्या पडद्याला अगदी खेटून ठेवल्या होत्या. मोठा पडदा म्हटलं की प्रत्येकाला त्यात शिरून बसायचं होतं. पण एवढ्या जवळून एका वेळी डोळ्यांत मावतं ते फक्त आपल्या गाडीपुढचं. डावीकडचं वळण बघायला मान फिरवावी लागते आणि तेवढ्यात उशीर होतो. हे मला माझ्या एकटीच्या दुपारांतून समजलेलं होतं.

"माझी खुर्ची मागे घ्यायची आहे," मी म्हणाले. एवढ्या लोकांसमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य. "थोडं सरकता का?"

"काऊन? भेव वाटते काय गाडीचं?" पंकज म्हणाला.

लोकांनी जागा केली. माझ्या जॉयस्टिकची वायर पुरेल तितकी मी मागे गेले आणि बसले.

रेस सुरू झाली. पंकज पुढे गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं. मला दोघांचेही रस्ते दिसत होते, त्याला फक्त स्वतःचा. तो प्रत्येक वळणावर उशिरा ब्रेक मारत होता. मी अंतर कमी करत गेले. समुद्राकाठच्या रस्त्यावर आम्ही बरोबरीने आलो, आणि तिथेच कधीतरी मला जाणवलं, की मानेवरचा वारा थांबला आहे. ओढणी गळ्याला चिकटायला लागली. भिंतीपलीकडची घरघरही बंद झाली होती. मनात आलं... लाईट गेली? पण पडदा समोर लख्ख होता, गाडी पळत होती. मला वाटलं, लक्ष एकवटलं की असंच होत असेल, बाकीचं जग बंद पडत असेल. मी खेळत राहिले. एक अख्खी फेरी आणि त्यावर अजून थोडं.

शेवटच्या वळणाला पंकजची गाडी बाहेर भरकटली. मी आतून निघाले. पडद्यावर माझ्या अर्ध्या भागात जिंकल्याची अक्षरं आली, मला ती स्पष्ट वाचता आली, आणि पडदा काळा झाला.

"अरे, लाईट गेली!" कोणीतरी ओरडलं.

चादर बाजूला झाली. दारात ज्यूसवाले काका उभे होते, हातात अर्धी मोसंबी. "आता गेली काय म्हणता? कवाचीच गेली न बाप्पा! मिक्सरमधी अर्धा ज्यूस अडकून बसला माहा, गिऱ्हाईक उभं आहे तिकडं."

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखे थांबले होते. आत्ताच थांबलेल्या पंख्याची पाती थोडी डुलत असतात. ही अगदी गप्प होती.

"इन्व्हर्टरवर चालू असन," कोणी म्हणालं. बाबांनी देवाकडे बोट केलं. इन्व्हर्टर तिथे होता, त्याच्यावर झेंडूची फुलं, सुटलेल्या वायरी पाटावर. शेजारी यूपीएस, त्याच्यावर कुंकू.

मग पंकज उठला. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज चढा होता. "हे काई खरं नाई काका. लाईटच नव्हती त मॅच कॅन्सल. परत खेळू."

मोठे बाबा मागे मीटरजवळ उभे होते, तिथून ते हळूहळू पुढे आले. मला वाटलं, संपलं. ते पंकजसमोर येऊन थांबले.

"बेटा, लाईट नव्हती म्हणतो?"

"नव्हतीच न! हे काका सांगून राह्यले ना."

"बरं. मंग मले एक सांग... लाईट नव्हती त तू काय पाहून हारला?"

सगळं दुकान हसलं. ज्यूसवाल्यांच्या हातातली मोसंबी खाली पडली. शेवटी पंकजही हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मानलं ताई. खुर्ची मागं घेतली तवाच समजाले पाहिजे होतं."

मोठ्या बाबांनी गल्ल्याशेजारच्या मिक्सरच्या खोक्यांकडे हात केला. "हे खोके उचला रे. हितं टेबल येईन." आणि मला म्हणाले, "स्नेहे, उद्यापासून बसजो."

त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तसा नंतर डिग्री मिळाली तेव्हाही वाटला नाही.

आता कारणांकडे येते, कारण तुम्हीही माझ्यासारखेच शोधत असाल. एखादा फेज चालू राहिला असेल का? आमच्या दुकानाला एकच फेज होता, पंखे आणि टीव्ही एकाच बोर्डवर. संध्याकाळी लाइनमन सोनं द्यायला आला, त्याने सांगितलं की बाजाराला वीज पुरवणारा सगळा फीडरच बंद होता. टीव्हीत वीज साठून राहिली असेल? दिवाळीच्या आधी मी आणि बाबांनी करून पाहिलं. मेन स्विच पाडला की टीव्ही तत्क्षणी काळा व्हायचा, कॉम्प्युटरही. पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तेच. सगळ्यांना एकदम भास झाला? पंकजच्या गाडीचा मार्ग मी आणि तो दोघंही वळणावळणाने सांगू शकत होतो, आणि तो जुळत होता. फक्त एका बाबतीत मतं वेगळी आहेत. मला शेवटपर्यंत इंजिनचा आवाज आठवतो. बाबा म्हणतात, अजिबात आवाज नव्हता, म्हणून तर लोक एवढे चिडीचूप होते. मी या दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा लिहिते आहे.

टीव्ही त्याच दिवाळीत केळझरकडच्या एका कुटुंबाने नेला. त्यांना काही वेगळं दिसल्याचं ऐकलं नाही. माझं टेबल वाढत गेलं. दोन वर्षांत मी दोन मुलींना हाताखाली घेतलं आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता बोलायला शिकले.

मोठे बाबा या विषयावर कधी बोलत नसत. बऱ्याच दिवसांनी, दुकानात आम्ही दोघंच असताना, मी त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही तेव्हा मीटरपाशी का उभे होतात?

"पंखे थांबले न. लाईट गेली का मी मीटर पाहतो, सवय आहे," ते म्हणाले. "पाह्यलं त चकती थांबून होती. हललीच नाई. अन् इकडं टीव्ही चालू. मले वाटलं, काई भलतंच आहे, आग लागन, पोराइले शॉक बसन. म्हणून मेन स्विचवर हात ठेवला."

"मग पाडला का नाही?"

ते एका होल्डरचा स्क्रू फिरवत राहिले. विजेच्या धंद्यात अख्खं आयुष्य गेलेला माणूस, चालू नसलेल्या लाईटच्या स्विचवर हात ठेवून उभा होता.

"तू पुढं निंगून राह्यली होती न," ते म्हणाले. "मले त्याच्याहून मोठं काई दिसलं नाई."