मस्तगडला व्याह्यांची धडक

विम्याच्या कचेरीत किस्से आपोआप साठत जातात. लोक नुकसान सांगायला येतात आणि जाताना किस्सा ठेवून जातात. निजामाच्या अमदानीत मी जालन्यात नानासाहेबांच्या विमा एजन्सीत कारकून होतो. क्लेम कंपनीला जायचा इंग्रजीत, पोलिसांचा रिपोर्ट यायचा उर्दूत आणि माणसं बोलायची मराठीत. या तिघांच्या मध्ये मी बसलेलो! पण मोटारीच्या एका धडकेनं मला जेवढे किस्से दिले, तेवढे बाकी सगळ्या नोकरीनं दिले नाहीत.

*

तेव्हा जालन्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या दोन भर सकाळी मस्तगड भागातल्या वळणावर एकमेकींना भिडल्या. एक जिनिंगवाल्या शेठजींची, दुसरी डॉक्टरांची. गाड्यांत मालक नव्हते, फक्त ड्रायव्हर. शेठजींचा सखाराम, हसनाबादचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला, अगदी गरीब स्वभावाचा. डॉक्टरांचा रंगनाथ, जाफराबादचा, मिशीला पीळ देणारा. वेग बेताचा होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. मडगार्ड तेवढे चेपले.

लोक धावत आले. आता चांगली जुंपणार म्हणून कडेला जागा धरून उभे राहिले. तर हे दोघं खाली उतरून एकमेकांच्या घरची खुशाली विचारायला लागले. कारण सखारामची रुक्मी रंगनाथच्या पोराला द्यायची ठरली होती आणि नुकतीच सुपारी फुटली होती.

अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, आले. त्यांनी सखारामला आपल्या दखनीत पहिलाच सवाल केला, हात कुठे होते म्हणून, "हातां कां थे तुमारे?"

"जोडलेले व्हते, साहेब," सखाराम म्हणाला. "समोरून व्याही आले. पोरीच्या बापानं एका हातानं राम राम कसा घालावा?"

मग रंगनाथला विचारलं. त्याच्याभोवती एव्हाना त्याचे भाऊबंद जमले होते. त्यांच्याकडे एक नजर टाकून तो म्हणाला, "माझे हात चाकावरच व्हते. मी पोराचा बाप. मी कशाला हात जोडू?"

अमीनसाहेबांनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं. ज्याची चूक ठरेल त्याचं लायसन जप्त होणार होतं. लायसन गेलं की नोकरी गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी शेठजी नानासाहेबांवर चिडून आले. त्यांचं म्हणणं एवढंच, की विमा उतरवला होता तर मग धडक झालीच कशी? कंपनीचं सर्टिफिकेट त्यांनी चौकटीत बसवून गाडीत लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगलं होतं. नानासाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि विमा म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. शेठजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, याच्यापेक्षा कडक विमा मिळतो का.

*

साक्षीदार गोळा करायला अमीनसाहेब मस्तगडला गेले, तेव्हा कागदपत्रांसाठी मीही मागे गेलो. कोपऱ्यावर अप्पांचं भुसाराचं दुकान. धडक त्यांच्या ओट्यासमोरच झालेली. अप्पांनी आधी आम्हालाच विचारलं, यातला पोराकडचा कोण? ते कळल्याबरोबर त्यांची नजर एकदम अधू झाली. म्हणाले, "मी तर तूर मोजून राह्यलो होतो."

शेजारचा शिंपी सुईत दोरा ओवत होता. पलीकडचा पानवाला चुना कालवत होता. सगळ्या मस्तगडाला आवाज ऐकू आला होता, दिसलं मात्र कुणालाच नव्हतं. ठरलेली सोयरीक आपल्या साक्षीनं मोडली, असं व्हायला कुणालाच नको होतं.

परतताना वाटेत सखाराम भेटला आणि माझ्याबरोबर चालू लागला. मी त्याला सरळ विचारलं, रंगनाथनं हात जोडलेले तू पाहिलेस की नाही?

"पाह्यले की," तो म्हणाला. "दोन्ही हात जोडले त्यांनी, माझ्यासारखेच. पण मी कसं सांगू? पोरगी तिकडं नांदायची हाय."

मला त्या क्षणी रंगनाथचा भयंकर राग आला. पण सखारामनं माझ्याकडून वचन घेतलं, की यातलं अवाक्षर बोलायचं नाही.

*

कंपनीचे इन्स्पेक्टर मुंबईहून नुकसान पाहायला येणार होते. तोवर गाडीला हात लावू नका, असं नानासाहेबांनी शेठजींना बजावून ठेवलं होतं. पण मध्ये खंडेनवमी आली आणि पंचाईत झाली. चेपलेल्या गाडीची पूजा करायची कशी? घरच्यांनी तांबटाला बोलावलं. त्यानं मडगार्ड ठोकून सरळ केलं, वरून रंगही मारून घेतला आणि गाडीला झेंडूची माळ चढली.

इन्स्पेक्टर आले. बिचारे भिंग घेऊन गाडीभोवती फिरले, तर त्यांना हळदीकुंकू तेवढं सापडलं. शेठजी घाबरले. त्यांनी तांबटाला परत बोलावलं. तो भला माणूस हातोडी घेऊनच आला आणि म्हणाला, "व्हती तशी चेपून देऊ का? माझ्या ध्यानात हाय."

आम्ही हसलो खरे, पण यात सखारामची बाजू पार लंगडी पडली. डॉक्टरांची गाडी चेपलेली आणि शेठजींची ठणठणीत. तेव्हा ठणठणीत गाडीनंच धडक दिली, असा इन्स्पेक्टरांनी सरळ निष्कर्ष काढला. सखारामनं शेठजींच्या गाडीवरून एकदा हात फिरवला आणि तो घरी गेला.

*

शेवटचा पंचनामा अमीनसाहेबांनी जागेवर करायचा ठरवला. दोन्ही गाड्या होत्या तशा समोरासमोरून आणायच्या आणि कुणाला कोण कुठून दिसतं ते पाहायचं. रंगनाथच्या शेजारी अमीनसाहेब स्वतः बसले, मागे इन्स्पेक्टर आणि मी. सखारामला ताकीद होती, काहीही झालं तरी चाकावरचे हात उचलायचे नाहीत. खबरदारी म्हणून शिपायानं त्याचे हात उपरण्यानं चाकाला बांधूनच टाकले होते.

मस्तगड बघायला लोटलं होतं. रंगनाथचे भाऊबंद पुढेच उभे. गाड्या अगदी माणसाच्या चालीनं निघाल्या.

वळणावर सखारामची गाडी दिसली. त्याला हात हलवता येईनात. व्याही समोर आणि राम राम घालता येत नाही, यानं तो पार कसनुसा झाला होता. त्यानं तिथूनच मान खाली वाकवली, कपाळ चाकाला टेकेपर्यंत.

रंगनाथनं ते पाहिलं. आणि सगळ्या भाऊबंदांदेखत त्यानं दोन्ही हात चाकावरून उचलून जोडले.

आमची गाडी सखारामच्या गाडीला चुकवून सरळ अप्पांच्या ओट्याकडे गेली आणि तुरीच्या पोत्यांत शिरली. अप्पांना या वेळी मात्र सगळं दिसलं.

अमीनसाहेबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, कपड्यांवरची तूर झटकली आणि शांतपणे रंगनाथला विचारलं, "हातां कां थे तुमारे?"

रंगनाथचे हात अजून जोडलेलेच होते.

"साहेब," तो म्हणाला, "पोरगी लई चांगली हाय."