हरभऱ्याखालचं तळं

तळ्यांची यादी दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीत जाणार होती. या उन्हाळ्यात कुठल्या तळ्यांतला गाळ काढायचा, ते तिच्यावरून ठरणार होतं. ती मी केली होती, मस्तगडच्या भाड्याच्या खोलीत बसून, उपग्रहाच्या फोटोंवरून.

मोठे तलाव मोजके, मध्यम त्याहून जास्त, लहान त्याहूनही जास्त. आकार घटत जातो तशी संख्या वाढत जाते, बहुतेक प्रदेशांत असंच असतं, हे मी शिकले होते. माझ्या आलेखात मात्र सर्वांत लहान तळ्यांपाशी रेघ एकदम खाली कोसळत होती. माझं काम तपासणाऱ्या सरांना दाखवलं.

"आपल्याकडं नसतील तेवढी," ते म्हणाले.

मी मान डोलावली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी, आणि दोन्हीकडे मी गप्पच. पण तो आलेख डोक्यातून जाईना. जमीनच वेगळी होती, की मी चुकले होते?

म्हणून यादी जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच हसनाबाद गाठलं. जुन्या नकाशात गावाबाहेर एक तळं होतं. माझ्या फोटोत त्या जागी हिरवं शेत. पाहिलं तर खरंच शेत होतं. हरभरा, आणि त्यात वाकून घाटे तोडणारी एक बाई. मला हायसं वाटलं.

"मावशी, इथलं तळं बुजलं का?"

ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "बुजंल कशाला? तळ्यातच उभी हायेस की तू."

समोरचा उंचवटा मला रस्ता वाटला होता. तो तळ्याचा बांध होता.

"पाणी उतरलं की हरभरा टाकतोत आम्ही, दरसाल. पाणी पाह्यचं तर दिवाळीला यायचं ना, माय! घाटे भरल्यावर तळं हुडकून राह्यली." ती हसली. "लई शिकलेली दिसती."

मग माझ्या लक्षात आलं. पावसाळ्यातल्या फोटोंत ढग येतात, म्हणून मी फेब्रुवारीचे स्वच्छ फोटो घेतले होते. तोवर मोठ्या तलावांत पाणी टिकतं. लहान आटतात, आणि आटलेल्या तळ्यात असाच हरभरा उभा असतो. मी तिला गाळ काढायच्या यादीबद्दल सांगितलं.

"मंग आमचं तळं लिवलंस ना?"

"नाही."

तिचं हसू गेलं. "अगं, गाळानं भरलंय ते. पाणी ठरंना त्याच्यात. गावच्या विहिरीला इथूनच झिरपतं. मागल्या उन्हाळ्यात टँकर आल्ता."

मी सरांना मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

"बोल की जल्दी! बोटं काय नाचवती?"

मी फोन लावला. आवाज माझा वाटत नव्हता.

"सर, यादी उद्या पाठवू नका. लहान तळी माझ्याकडून सुटलीत. दिवाळीनंतरच्या फोटोंवरून सगळी पुन्हा मोजावी लागतील."



"तुम्हाला कळतंय ना, तिकडं कचेरीत मी काय सांगणार?" सर म्हणाले.

"माझी चूक आहे, असं सांगा."

"किती दिवस?"

"चार," मी म्हणाले. चार पुरतील की नाही, मला ठाऊक नव्हतं.