पडद्यामागचा मार

नवऱ्याने तिला मारलं आणि आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने तिला दगा दिला. पहिला आत आहे, पण सुटायच्या बेतात. दुसरा रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन माझ्यासमोरून जातो.

"आवाज आल्याशिवाय मार लागत नाय, शेट," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता हवेतच कोयता मारून दाखवायची.

माझा मांडव-खुर्च्यांचा धंदा. उमेळ्यात तळमजल्यावर माझं गोदाम, वरच्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड. भंगारात मला एक जुना मूकपट मिळाला. लग्न, संशय, खून आणि मग कोर्ट. एका पूजेला तो नुसता दाखवला, तर लोक मधूनच जेवायला उठले. पुढच्या खेळाला तिला आवाज काढायला पडद्यामागे बसवलं. कोणी हललं नाही.

थोबाडीत म्हणजे पाटावर आपटलेला ओला पंचा. हाड मोडायचं तर सुकी शेवग्याची शेंग. खुनासाठी मात्र निर्मळच्या वाडीतून घड उतरवलेल्या केळीचा बुंधा यायचा, आणि त्यावर कोयता. तो ओला, खोल आवाज ऐकून बोळिंजच्या एका सोसायटीतले आजोबा घाबरून पडद्यामागे गेले. "बाई, तुम्हाला लागलं नाही ना?" तिने त्यांच्या हातावर केळीचा गाभा ठेवला. "खा. गोड लागतो."

माझ्याशी तिच्याइतकी घासाघीस कोणी केली नसेल. "खून एकच हाय, पन थोबाडीत तीन हायत. त्यांचे येगळे द्या."

मी म्हटलं, "मग नायिकेचं ओरडणं फुकटात घाल."

ती हसायची थांबली. "तोंडाचा आवाज मी देनार नाय. कितीपन द्या."

तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग पाहून मी एकदा तिच्या नवऱ्याची कॉलर धरली होती. तो शांतपणे म्हणाला, "सराव करते ती, शेट. बिल्डिंगला विचारा." बिल्डिंगनेही मान डोलावली. धपाधप आवाजांची सगळ्यांना सवय झाली होती, आणि त्या सवयीआड तो तिला मारत होता. तुम्हीही भिंतीला भिंत लावून राहता. पलीकडचा कुठला आवाज कशाचा, हे तुम्ही कधी उठून पाहिलंय?

त्या दुपारी मी काम आटोपून आलो तेव्हा तिचा नवरा जिन्यावर बसून हात पुसत होता. वर दार उघडं होतं. ती पाट्याशेजारी पडली होती. डोकं वरवंट्याने ठेचलेलं, केस फरशीला चिकटलेले, एक डोळा उघडा. कोपऱ्यात नवा बुंधा उभा होता. त्यावर एकही वार नव्हता. मी नवऱ्याला पायऱ्यांवरून फरपटत खाली आणलं आणि हात दुखेपर्यंत हाणलं. पोलीस वेळेवर आले म्हणून तो जिवंत आहे.

आता त्याचा वकील म्हणतो, भांडण झालंच नाही, सराव करताना ती घसरून पाट्यावर पडली. बुंधा कोरा होता असं मी सांगितलं, तर म्हणाला, "तुम्ही सिनेमा दाखवणारी माणसं." त्याचा सगळा भरवसा सेक्रेटरीवर. याचं दार तिच्या दारासमोर. याने शपथेवर सांगितलं, "नेहमीचाच आवाज होता."

याच्याच बायकोने मला गोदामात येऊन रडत सांगितलं, "भाऊ, ती ओरडत होती. माझं नाव घेऊन ओरडत होती. यांनी उठून कडी लावली आणि टीव्ही मोठा केला. मला कोर्टात येऊ देत नाहीत."

मी त्याला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, "शेट, तुम्ही व्यवहारी माणूस. बिल्डिंग नव्याने बांधायला बिल्डर यायचाय. खुनाची बिल्डिंग म्हणून नाव झालं तर नुकसान तुमचंही आहे. गेलेली काय परत येणार?"

व्यवहार मला कळतो. हा मी करणार नाही.

सेक्रेटरी, पुन्हा कोर्टात उभे राहा. सरावच चालला होता, तर कडी का लावलीत, ते सांगा.