खोलीखालचं बेणं

वाटणीत थोरल्या दिरांनी गावातलं घर घेतलं आणि आम्हाला शेतातली पत्र्याची खोली दिली. कमरेइतक्या दगडी खांबांवर उभी, खाली सगळं मोकळं. "खाली शेळ्या बांधा," असं वर हसून म्हणाले. थोरल्या दिरापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत. मी पदर ओढला आणि राग गिळला.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमच्या पहिल्या हळदीचं बेणं पेरणीपर्यंत ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी आणि मालकांनी खोलीखाली मुरूम ठोकला, त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरलं, वर विटा आणि फळ्या. चारी बाजूंनी भिंत घातली, पण समोरासमोर झरोके ठेवले. जमिनीची ओल प्लॅस्टिक अडवतं. हळदीच्या अंगची ओल मात्र वाऱ्यानंच जाते.

वैशाखात मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि दिरांनी येऊन सगळे झरोके शेणामातीनं लिंपले. म्हणे, "पेवाचं तोंड कोनी उघडं ठेवतं का?" जमिनीत बंद केलेलं ज्वारीचं पेव आणि हळदीचं बेणं त्यांना एकच. मालकांना भावाचा हात धरवला नाही. मी लेकरू घेऊन परतले तेव्हा आत आंबूस वास होता, बेणं हाताला लिबलिबीत लागत होतं. ते साल आमचं वाया गेलं. आणि दीर पारावर सांगत सुटले, "बाईच्या अकलेनं चाललं की असंच व्हतं!" ते वाक्य मी जपून ठेवलं.

आम्ही झरोके पुन्हा मोकळे केले आणि बेणं टिकू लागलं. पुढं काही वर्षांनी दिरांनीही हळद लावली. आपल्या शेतात खांबांवर खोली बांधून तिच्याखाली तसंच कोठार केलं, एकही झरोका न ठेवता, शेणानं गुळगुळीत सारवून. आम्हाला मुद्दाम बघायला बोलावलं.

"काय, बराबर हाय ना?"

मालक बोलायला गेले, तसा मी त्यांच्या पायावर पाय दिला. स्वतः मान खाली घालून गप्प राहिले. ती रीत इतक्या मनापासून मी कधीच पाळली नव्हती.

मृगाच्या तोंडावर दीर आमच्या दारात आले.

"समदं सडलं. बेणं देतीस का? तुला ठाऊक व्हतं, मंग काहून सांगितलं न्हाई?"

"तुमच्यापुढं बोलायची रीत न्हाई ना, भाऊजी."

बेणं दिलं, पण काढून दिलं नाही. आमच्या कोठाराचं दार गुडघ्याच्या जरा वर येतं. टोपी हातात धरून ते रांगत आत गेले. मी दारात उभी होते आणि डोक्यावर पदर घेतला नव्हता.