‘पुट’चं शेपूट

त्या ‘पुट’चा मला आजही संताप येतो. पुट म्हणजे ठेवणे, एवढं आम्हाला लालबागच्या शाळेत शिकवलं होतं. पण त्या मेल्या पुटला शेपूट लागलं की तो कुठल्या कुठे पळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. पुट अप विथ म्हणजे निमूट सोसणे, पण हे आम्हा बायकांना इंग्रजीतून शिकवायची गरज नसते.

फोर्टातल्या एका कंपनीत मी टेलिफोनच्या बोर्डावर लागले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं होतं. परळ-लालबागेत रोज सभा, रोज मोर्चे. माझे वडील नव्हते. आई आणि मी काकांच्या खोलीत राहायचो. काकांनी नोकरीला हो म्हटलं, पण बजावून: “पक्की झालंस तर बरां. नायतर वैशाखात तुका उजवून टाकतलंय.” मुलगा त्यांनी हेरूनच ठेवला होता. मालवणकडचा, बिजवर, माझ्याहून पुष्कळ मोठा. मला पक्कं व्हायचंच होतं!

बोर्डावरचं इंग्रजी सगळं शेपटांचं. होल्ड ऑन, हँग अप, आणि पुट थ्रू म्हणजे फोन जोडून देणे. मोरीत भांडी घासताना मी घोकत बसायची. आई विचारायची, “काय गो पुटपुटतंस?” मी म्हणायची, “पुट-पुटच गो आये.” तेव्हा हसू यायचं.

आमचे हेडक्लार्क गिरगावचे, आमच्यासारखेच मराठी. संध्याकाळी ते मराठी भाषेवर काय भाषणं ठोकतात, हे शिपाई कौतुकानं सांगायचा. ऑफिसात मात्र माझ्याशी मराठीचा एक शब्द नाही. एकदा मी भीत भीत म्हटलं, “सर, जरा मराठीत सांगाल का?” तर चष्म्यावरून बघत म्हणाले, “नो व्हर्नाक्युलर हिअर.” घ्या! मायबोलीला व्हर्नाक्युलर, म्हणजे गावठी बोली, म्हणणारा हा भाषाभक्त.

एक दिवस मद्रासच्या एका बड्या गिऱ्हाईकाचा फोन आला. त्याला थोरल्या साहेबांची भेट हवी होती. मी त्याला थांबवून हेडक्लार्कना विचारलं. कागदातून मान वर न करता ते म्हणाले, “पुट हिम डाऊन फॉर मंडे.”

आता पुट डाऊन म्हणजे खाली ठेवणे. आणि फोन खाली ठेवायचा असतो हे तर पोरालाही कळतं. सोमवारपर्यंत याला वाटेला लाव, असाच मी अर्थ घेतला. त्या माणसाला “मंडे” म्हटलं आणि फोन ठेवून दिला. सोमवारच्या भेटीसाठी त्याचं नाव लिहून घ्यायचं होतं, हे मला कोण सांगणार? गिऱ्हाईक खवळलं. त्यानं थोरल्या साहेबांच्या खास लायनीवर फोन करून आमची अब्रू काढली.

शनिवारी हेडक्लार्कनी मला बोलावलं. आवाज इतका मऊ की मी चकितच झाले. “आय ॲम अफ्रेड, वी विल हॅव टु लेट यू गो.”

लेट म्हणजे देणे, गो म्हणजे जाणे. जाऊ देतायत! मला वाटलं, रागावणं संपलं, आज लवकर सोडतायत. मी हसून “थँक यू, सर” म्हटलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. घरी जाऊन आईला सांगितलं, आमचा हेडक्लार्क तसा भला माणूस आहे गो.

सोमवारी वेळेवर पोहोचले तर बोर्डावर दुसरीच मुलगी बसलेली. मला वाटलं, मदतीला दिली असेल. मी तिला शेजारी सरकायला सांगितलं. ती गोंधळून हेडक्लार्ककडे बघायला लागली. ते तरातरा आले, आणि सगळ्या ऑफिसासमोर माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलले:

“अहो बाई, तुम्हाला काढून टाकलंय! कळत कसं नाही?”

कळलं. लख्ख कळलं. डिक्शनरी लागली नाही.

वेळेआधीच घरी आले तेव्हा काका खाटेवर बसून विडी ओढत होते. म्हणाले, “काय गो, बेगीन इलंस?”

“काढून टाकलां,” मी म्हटलं.

त्यांनी विडी विझवली आणि मालवणला पत्र टाकायला उठले.