वायकिंगांच्या जत्रेत भरलेली लग्नाची बैठक

पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना मेलबर्नमध्ये काय दाखवायचं, हा प्रश्न ज्या जावयांना पडलाय त्यांनी हे वाचाच. पेंग्विन झाले, समुद्र झाला, कॅसिनो बाहेरून झाला. "आता काय?" असं बाबा रोज चहा घेताना विचारायचे. तेवढ्यात माझी मेहुणी केतकी म्हणाली, "जिजू, शनिवारी आमच्या प्रोफेसरबाईंचा कार्यक्रम आहे, एका वायकिंग जत्रेत. येता?" केतकी आमच्याकडे क्लेटनला राहते आणि युनिमध्ये पीएचडी करते. विषय: वायकिंग समाज आणि चर्चचा कायदा. इंजिनियरिंग सोडून हे, त्यामुळे बाबा तिचा विषय लोकांना सांगताना नुसतं "हिस्टरी" म्हणतात आणि हवापाण्यावर येतात.

माझी बायको स्नेहल नर्स आहे, तिला शिफ्ट होती. म्हणजे निघालो आम्ही तिघं. आणि गाडीत चौथं एक अवघड प्रकरण बसलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी फोनवर त्यांच्या नाशिकच्या मित्राला, देशमुखांना, शब्द देऊन टाकला होता: तुमचा मुलगा, आमची केतकी, आमच्याकडून होकार समजा. केतकीला हे स्नेहलकडून कळलं. तिला आधी पीएचडी संपवायची होती, मग आइसलँडला जाऊन जुनी हस्तलिखितं बघायची होती. "मग सांग ना बाबांना," मी म्हणालो. ती म्हणाली, "त्यांच्यासमोर माझा आवाजच फुटत नाही हो."

डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय बाजारात थांबून बाकरवडी आणि ढोकळा घेतला. तुम्हीही घ्या, कारण जत्रेत शाकाहारी माणसाला भोपळ्याचं सूप आणि चिप्स एवढाच आधार असतो. पुढे फ्रीवेने सरळ वॉरगल, आणि तिथून थोडं आत. दोन्ही बाजूला हिरव्या टेकड्या, गाई, आणि बाबांचं कौतुक: "एवढी जमीन आणि माणूस एक दिसत नाही." तिकीट ऑनलाइन काढा, गेटवर महाग पडतं. पार्किंग कुरणात आहे, चांगले बूट घालू नका. माझे गेले.

आत दाढीवाली माणसं ढाली घेऊन एकमेकांना बडवत होती आणि मधेच थांबून सनस्क्रीन लावत होती. बाबांनी स्टॉलवर शिंगांचं प्लॅस्टिकचं शिरस्त्राण घेतलं आणि लगेच डोक्यावर चढवलं. प्रोफेसर हेलनबाई भेटल्या त्या नेमक्या तेव्हा. आयुष्यभर वायकिंगांचा अभ्यास केलेली बाई, त्या शिंगांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "नो हॉर्न्स, आय'म अफ्रेड." खऱ्या वायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नसायचीच म्हणे. बाबांनी ते काही काढलं नाही.

कार्यक्रम लग्नाचा होता. वायकिंग लग्न चर्च यायच्या आधी कसं ठरायचं आणि नंतर कसं, हे करून दाखवायचं. नवरी होणारी मुलगी फ्लूने आडवी झाली होती, म्हणून केतकी नवरी. नवरा डॅरेन, लाल दाढीचा, गावातला प्लंबर. नवरीच्या बाजूने बोलणी करायला वडील हवेत, असं हेलनबाई म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. शिंगं घातलेले बाबा आधीच उठून उभे होते.

पहिला भाग म्हणजे आपली बैठकच हो. वडील आणि नवरदेव बोलणार, साक्षीदारांसमोर हातावर हात मारणार, ठरलं लग्न. मुलगी बाजूला उभी. बाबांना काही शिकवावं लागलं नाही. मुलगा काय करतो, घर स्वतःचं का, आई सोबत राहते का, सगळं इंग्रजीत विचारून झालं. "प्लंबर, मेट. ओन बिझनेस," डॅरेन म्हणाला. बाबा मान वळवून मला म्हणाले, "स्थळ वाईट नाही रे." मग दणकन हात मिळवला. लोक खूश, टाळ्या पडल्या.

मग हेलनबाई काळा झगा घालून पाद्री झाल्या. त्यांनी लोकांना सांगितलं, चर्चच्या कायद्याने एक नवीन गोष्ट आणली: मुलीने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायला हवं. वडिलांचा शब्द पुरेसा नाही. हे घराघरांत पचायला पुष्कळ काळ गेला. मग त्या केतकीकडे वळल्या. "डू यू कन्सेन्ट?"

केतकीने फक्त 'येस' म्हणायचं होतं, तसं ठरलं होतं. तिने डॅरेनकडे बघितलंच नाही. तिने बाबांकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "नाही, बाबा. मला नाही करायचं."

लोकांना ते काय कळणार, ते हसले. बाबांनी शिंगं काढून हातात घेतली, डॅरेनच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "सॉरी मेट. गर्ल इज सेइंग नो."

"नो वरीज," डॅरेन म्हणाला.

परतताना पॅकनमपर्यंत मी दोनदा रेडिओ लावला आणि दोनदा बंद केला.

"नाही म्हणजे देशमुखांचं ना?" बाबांनी शेवटी विचारलं.

"हो."

"मग आधी सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचारलं कुठे, बाबा?"

बाबांना लागलं होतं, ते दिसत होतं. मग हात मागे करून म्हणाले, "ती बाकरवडी दे इकडे. आणि आइसलँडला थंडी किती असते?" केतकी रडत होती आणि बाकरवडीचा पुडा उघडत होती. मला इतकं हलकं वाटलं की माझं एक्झिट चुकलं.

घरी स्नेहल वाट बघत होती. बाबांनी चपला काढल्या आणि आधी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर, आम्हा सगळ्यांसमोर.

"देशमुख, मी शब्द दिला खरा, पण मुलीला विचारायचंच राहिलं होतं. आज विचारलं. ती नाही म्हणते. चूक माझी."

पलीकडून देशमुखकाका हळूच म्हणाले, "अरे, आमच्या पोराला तरी कुठे विचारलंय?"

"मग विचार की," बाबा म्हणाले.

बाबा परत गेले त्याला आता काही आठवडे झाले. शिंगं इथेच राहिली, बॅगेत मावली नाहीत. स्नेहल सांगते, हल्ली पुण्याच्या सोसायटीत कुणी केतकीबद्दल विचारलं की बाबा हवापाण्यावर येत नाहीत. समोरच्याला बसवून घेतात आणि वायकिंगांपासून सुरुवात करतात.